भर दुपारी, एकटा

जुने चित्रपट पाहताना मी कधीकधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करते. घरात एक दीर्घ आजारपण चालू असताना, रात्री आवाज नको म्हणून ही सवय लागली आणि ते आजारपण सरल्यावरही राहिली. आवाज गेला की पुष्कळ नट एकदम लहान होतात. ओठ हलतात, भुवया वरखाली होतात, हातवारे चालू राहतात, पण माणूस सापडत नाही. तो सगळा संवादांत होता. आवाज गेल्यावर उलट थोडे जवळ येणारे नट मोजकेच. गॅरी कूपर त्यांतला. १९५२चा ‘हाय नून’ मी असा मुका करून पुन्हापुन्हा पाहिला आहे. दर वेळी माझी नजर आधी जाते ती त्याच्या चालण्यावर, चेहरा नंतर येतो.

उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी घरे, दुकाने, गुत्ता, आणि सगळीकडे बंद दारे. मधून एक उंच, पन्नाशीचा माणूस चालला आहे. चाल झोकदार अजिबात नाही. कमरेत किंचित ताठरपणा आहे, एका अंगाला हलकासा झुकाव आहे. घाई नाही, पण रेंगाळणेही नाही. हात मांडीजवळ लोंबतात आणि त्या हातांचे काय करायचे ते जणू त्यालाच ठाऊक नाही. एखादा माणूस लग्नघरातून निघून दवाखान्याकडे जावा, तसा तो चालतो.

या चालीची एक हकिकत आहे. कूपरचा जन्म १९०१चा, मोंटाना राज्यातल्या हेलेना गावचा. आईवडील इंग्लंडहून आलेले, वडील पुढे मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मुलाला मधली काही वर्षे शिकायला इंग्लंडमध्ये धाडले होते. म्हणजे ‘पश्चिमेचा अस्सल पुत्र’ म्हणून जगाने ज्याला डोक्यावर घेतले, त्याने लहानपणी डन्स्टेबलच्या शाळेत लॅटिन घोकले होते. पंधराव्या वर्षी मोटारीच्या अपघातात त्याच्या कमरेला दुखापत झाली. डॉक्टरांनी उपाय म्हणून घोड्यावर बसायला सांगितले. उपाय चुकीचा होता. कंबर कायमची आखडली, चालण्यात ताठरपणा आला, घोड्यावर बसतानाही तो जरासा तिरका बसू लागला. हॉलिवुडमध्ये १९२४ साली तो आला तो चित्रकार व्हायची इच्छा मनात घेऊन. पोटासाठी पाचदहा डॉलरवर घोड्यांवरून पडण्याची कामे करू लागला. फ्रँक हे त्याचे खरे नाव बदलून एका एजंट बाईंनी त्याला इंडियाना राज्यातल्या गॅरी शहराचे नाव दिले. अशा योगायोगांची गंमत वाटण्यापेक्षा मला त्यांचा आदर वाटतो. पुढे लाखो लोकांनी ज्या चालण्यात पुरुषार्थ पाहिला, ते मुळात एका दुखऱ्या शरीराने स्वतःला सांभाळत टाकलेले पाऊल होते.

माझे मामा तरुणपणी मुंबईला फोर्टात नोकरीला होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटले की बोरीबंदरच्या आसपास न्यू एम्पायर, एक्सेलसियर अशा थिएटरांत इंग्रजी चित्रपट पाहायचे. अमेरिकन उच्चार त्यांना धड कळत नसत. मी एकदा विचारले, “मग मामा, आवडायचं काय त्यात?” ते म्हणाले, “अगं, तो नुसता दारातून आत आला तरी कळायचं, हा माणूस फार लांबून आलाय.” सिनेमावर मी पुष्कळ वाचले आहे, पण काउबॉयपटांतल्या नटाबद्दल याहून नेमके वाक्य मला कुठे सापडलेले नाही. लांबून येणे म्हणजे किती मैल, ते पडद्यावर कोणी सांगत नाही. ते खांद्यांवर दिसावे लागते, टोपी काढण्यात दिसावे लागते.

आपल्याकडे नटाची थोरवी कानांनी मोजायची रीत होती. गणपतराव जोशी, नानासाहेब फाटक यांच्याविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी आधी आवाजाविषयी लिहिले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर आवाजाला पर्याय नव्हता. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला कूपर पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखे होते. हा काही करतच नाही, असे वाटते. तसे ते खुद्द त्याच्या दिग्दर्शकांनाही वाटले आहे. सॅम वुड यांनी सांगून ठेवले आहे की त्याच्याबरोबर पहिल्यांदा काम करताना आपण हबकलो; सेटवर पाहताना वाटले की आता चित्रपट बुडाला, आणि पडद्यावर पाहिले तेव्हा कळले की जे कमी वाटत होते ते अगदी बेताचे होते. कॅमेरा कूपरच्या इतक्या जवळ होता की त्याला कोणाला काही ऐकवायचे नव्हते. समोरचा माणूस बोलत असताना तो ऐकायचा, इतकेच. पण ते ऐकणे खरे असायचे. समोरच्याचे शब्द त्याच्या चेहऱ्यावर पोचताना दिसतात, मग थोडे आत जाताना दिसतात, आणि मग केव्हातरी उत्तर येते.

मूकपटांच्या काळात टॉम मिक्स नावाचा काउबॉयपटांचा मोठा तारा होता. नक्षीदार पोशाख, प्रचंड मोठी टोपी, टोनी नावाचा घोडा, अंगावर शहारे आणणाऱ्या कसरती. त्या काळात त्याच्याइतका लाडका दुसरा नव्हता. आज त्याचे नाव फक्त इतिहासाच्या पुस्तकात उरले आहे. तो प्रेक्षकांना सगळे देऊन मोकळा झाला, मागे काही उरलेच नाही, असे मला वाटते. कूपरने आपले काहीतरी राखून ठेवले, आणि त्या राखून ठेवलेल्या जागेत लोक येऊन बसत राहिले.

‘हाय नून’मधला विल केन हा हॅडलीव्हिल गावचा मार्शल. सकाळी त्याचे लग्न लागते, तो राजीनामा देऊन नव्या बायकोबरोबर गाव सोडायला निघतो, आणि बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला आहे, बाराच्या गाडीने येतो आहे. स्टेशनवर मिलरचे तीन साथीदार वाट पाहत बसले आहेत. केन निघून जातो आणि परत येतो. मग तो गावभर मदत मागत फिरतो. चित्रपट साधारण पंच्याऐंशी मिनिटांचा आहे आणि गोष्टही जवळपास तितक्याच वेळात घडते. भिंतीवरची घड्याळे पुन्हापुन्हा दिसतात. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, तराजू पिशवीत भरतो आणि निघून जातो. एक मित्र बायकोला दारात पाठवून आपण घरी नाही असे सांगायला लावतो. म्हातारा माजी मार्शल आपली संधिवाताने वाकलेली बोटे पुढे करतो. चर्चमध्ये तर चक्क सभा भरते, प्रत्येक जण विचारपूर्वक बोलतो, आणि त्या विचारपूर्वक बोलण्यातून शेवटी एकही माणूस निघत नाही. तो प्रसंग पाहताना मला दर वेळी अंगावर काटा येतो, कारण त्यात कोणी दुष्ट नाही. सगळे आपल्यासारखेच आहेत.

दिग्दर्शक फ्रेड झिनेमान ऑस्ट्रियात वाढलेला ज्यू. त्याचे आईवडील नाझींच्या संहारात मारले गेले. शेजाऱ्यांची दारे कशी बंद होतात, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नसावी. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी आणि त्याने मिळून ठरवले की या चित्रपटात काउबॉयपटांतले ते सुंदर ढगाळ आकाश नको. अमेरिकी यादवी युद्धाची मॅथ्यू ब्रेडीची छायाचित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. म्हणून इथले आकाश कोरे पांढरे आहे, प्रकाश सपाट आहे, आणि कूपरच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती लपलेली नाही. त्या दिवसांत तो पन्नाशीचा होता, पोटातल्या अल्सरने आणि कमरेच्या दुखण्याने बेजार होता, बायकोपासून वेगळा राहत होता. ते सगळे त्या चेहऱ्यावर आहे. नवरी झालेली ग्रेस केली बाविशीच्या आतबाहेरची. काही समीक्षकांना हे वयाचे अंतर खटकते. मला नाही खटकत. तिच्या नितळ चेहऱ्याशेजारी त्याचा थकलेला चेहरा पाहिला की तो काय गमावायला निघाला आहे ते न बोलता कळते.

आणि मग तो टेबलाचा प्रसंग. बारा वाजायला थोडा वेळ उरला आहे. कोणी येणार नाही हे आता नक्की झाले आहे. केन आपल्या कचेरीत एकटा बसतो आणि टेबलावर डोके टेकतो. काही क्षण फक्त पाठ आणि केस दिसतात. आत एक पोरगा येतो, चौदा वर्षांचा, म्हणतो मी येतो तुमच्याबरोबर. केन डोके वर काढतो, स्वतःला सावरतो आणि त्याला घरी पाठवून देतो. नंतर तो आपले मृत्युपत्र लिहायला घेतो.

काउबॉयपटांतल्या नायकाने टेबलावर डोके टेकणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुष्कळ जणांना ती झोंबली. त्यांत जॉन वेन होता. मार्शलने गावभर मदत मागत फिरावे हे त्याला अमेरिकेला न शोभणारे वाटले आणि ही चीड त्याने १९७१ सालच्या एका मुलाखतीतही बोलून दाखवली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनाही तसेच वाटत होते. दोघांनी मिळून १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ काढला तो उत्तरादाखलच. पण १९५३च्या मार्चमध्ये ‘हाय नून’साठी कूपरला ऑस्कर मिळाले तेव्हा तो परदेशी होता, आणि त्याच्या वतीने ते घ्यायला मंचावर गेला तो जॉन वेन! त्याने मित्राचे तोंड भरून कौतुक केले. माणसे अशीच असतात. मतभेद एका खिशात, मैत्री दुसऱ्या खिशात.

वेनविषयी मी उणे बोलणार नाही. ‘द सर्चर्स’च्या शेवटी तो दाराबाहेर उभा राहतो, घरातली सगळी माणसे आत जातात, आणि तो डाव्या हाताने उजव्या हाताचे कोपर धरतो. ही लकब हॅरी कॅरी या जुन्या नटाची. कॅरीची विधवा ऑलिव्ह कॅरी त्या चित्रपटात काम करत होती, आणि वेनने ती लकब त्या गेलेल्या नटाच्या आठवणीसाठी केली. एका नटाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात अशी एखादी हालचाल वारशाने येते, हे आपल्याकडच्या घराण्यांत तालीम घेतलेल्या कोणालाही पटेल. वेन तिथे एकाकी आहे, भव्य आहे. पण तो भ्यालेला नाही. त्याने रंगवलेल्या एथन एडवर्ड्सला मी दुरून पाहते. विल केनबरोबर मी त्या रस्त्याने चालते.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते, पण ते वगळून कूपरविषयी लिहिणे बरोबर नाही. ‘हाय नून’ची पटकथा कार्ल फोरमनची. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने त्याला बोलावले. तो एके काळी कम्युनिस्ट पक्षात होता. इतरांची नावे सांगायला त्याने नकार दिला. भोवतीची माणसे गळू लागली, फोन घेईनात, रस्ता ओलांडून जाऊ लागली, आणि फोरमन हे सगळे आपल्या पटकथेत उतरवत राहिला. कूपर विचारांनी उजवा, कम्युनिस्टविरोधी संघटनेचा सभासद, १९४७ साली त्याच समितीपुढे जाऊन आलेला. तरी तो फोरमनच्या बाजूने उभा राहिला. फोरमनच्या नव्या कंपनीत पैसे घालायचेही त्याने जाहीर केले. मग दडपण वाढले. कूपरने माघार घेतली. फोरमन इंग्लंडला गेला आणि कित्येक वर्षे तिथेच राहिला.

म्हणजे ज्याने एकट्या पडलेल्या माणसाचे काम केले, तोच पडद्याबाहेर एका एकट्या पडलेल्या माणसाला सोडून मागे फिरला. फोरमनने त्याच्याविषयी कटुता धरली नाही; मोठ्या नावांपैकी निदान प्रयत्न करणारा तोच एक, असे तो पुढे म्हणत राहिला. या गोष्टीने कूपर माझ्या मनातून उतरला नाही. चर्चमधल्या बाकांवर बसलेल्या त्या लोकांमध्ये मला तोही दिसू लागला आणि रस्त्यावरही तोच दिसत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरच्या भीतीत हे दोन्ही असावे: आपण एकटे पडू ही भीती, आणि आपण दुसऱ्याला एकटे पाडू ही भीती. नट स्वतःला जितके जाणतो त्याहून त्याचा चेहरा अधिक जाणतो, असे कधीकधी वाटते.

पुढे १९५८च्या ‘मॅन ऑफ द वेस्ट’मध्ये अँथनी मान यांनी त्याला आणखी खोल नेले, तिथे तो आपला गुन्हेगार भूतकाळ लपवणारा म्हातारा होत चाललेला माणूस आहे. आणि एप्रिल १९६१मध्ये त्याला मानाचे ऑस्कर जाहीर झाले तेव्हा तो मंचावर येऊ शकला नाही. त्याच्या वतीने बोलताना जेम्स स्ट्युअर्टचा आवाज फुटला आणि ऐकणाऱ्यांना काहीतरी गंभीर असल्याचे कळून चुकले. कूपरला कर्करोग होता. १३ मे १९६१ रोजी, साठावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले असताना, तो गेला.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी तो पोलंडमध्ये दिसला. ४ जून १९८९ रोजी तिथे निवडणूक होती. कम्युनिस्ट राजवटीत पहिल्यांदाच विरोधकांना काही जागांवर मोकळेपणाने लढता येणार होते. टोमाश सार्नेत्स्की या कलाविद्यार्थ्याने सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेसाठी एक पोस्टर केले. त्यावर कूपर, विल केनच्या वेशात, समोरून चालत येतो आहे. हातात पिस्तुलाच्या जागी मतपत्रिका. छातीवर मार्शलच्या बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला. मागे त्या संघटनेची लाल अक्षरे, खाली तारीख. उमेदवारांची नावे नाहीत, घोषणांची यादी नाही. निवडणूक संपली तेव्हा सिनेटच्या १०० जागांपैकी ९९ सॉलिडॅरिटीकडे होत्या.

कम्युनिस्टांविरुद्ध समितीपुढे जाऊन आलेला नट. एके काळच्या कम्युनिस्टाने, कम्युनिस्टांच्या पाठलागाविरुद्ध, लिहिलेली पटकथा. आणि ती घेऊन कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध मतदानाला निघालेले पोलिश कामगार. याच चित्रपटावर आयझेनहॉवर आणि क्लिंटन अशा दोन टोकांच्या राष्ट्राध्यक्षांचाही जीव होता. कोणाचा केन खरा, या वादात मला रस नाही. प्रत्येकाने त्या रस्त्यावर स्वतःला ठेवून पाहिले आणि प्रत्येक जण मावला. शूर माणसाच्या जागी स्वतःला ठेवणे कठीण असते, कारण शौर्य सगळ्यांकडे नसते. भीती मात्र सगळ्यांकडे असते. जो नट ती चेहऱ्यावर येऊ देतो आणि तरीही पाय पुढे टाकतो, त्याच्याकडे लोक पुन्हापुन्हा परत जातात. क्लिंट ईस्टवुडसारख्या, ओठ मिटून उभे राहण्यानेच नाव कमावलेल्या नटालासुद्धा १९९२च्या ‘अनफरगिव्हन’मध्ये डुकरांच्या चिखलात पडावे लागले आणि घोड्यावर चढताना घसरावे लागले. तो चित्रपट इतका मोठा झाला, याचे मला नवल वाटत नाही.

आपल्या घरांतली पंधरासोळा वर्षांची मुले आज जे नायक पाहतात ते चेहऱ्यावरची रेष हलू न देता पन्नास माणसे लोळवतात. मुलांना ते आवडतात आणि आवडू देत. पण घाबरल्यावर काय करायचे हे त्यांना त्या नायकांकडून कधी कळणार नाही, आणि घरातली मोठी माणसेही बहुधा सांगत नाहीत, “घाबरतोस काय, मुलगा ना तू?” एवढेच सांगतात. अशा एखाद्या मुलाला ‘हाय नून’ दाखवा. तो कृष्णधवल आहे, संथ आहे, पहिली दहा मिनिटे त्याला कंटाळा येईल, येऊ द्या. त्याच्या शेजारी बसून पाहा. विल केन टेबलावर डोके टेकेल तेव्हा काही समजावून सांगू नका, आणि मुलाने काही विचारले तर खरे उत्तर द्या.